तुझा बाजा बंद हुता

आप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोचा हारसुद्धा आता प्लास्टिकचा झालाय, आणि तरी परवा संध्याकाळपासून मी मनातल्या मनात तुमच्याशी कचाकचा भांडतोय. त्याला कारण घडलंय. आमच्या बँडच्या गिटारवाल्याचा पुण्याहून फोन आला. आमचा बँड म्हणजे तुमचा नव्हे. तुमचा लग्नाचा, पितळी बाजांचा, लाल कोटांचा. आमचा हेवी मेटलचा, काळ्या टी-शर्टांचा, ज्याला तुम्ही 'रेडं कापायचा कार्यक्रम' म्हणायचात. तो बंद पडून जमाना झाला, पण आता जुन्या बँडांची फॅशन आलीय म्हणे, म्हणून बेंगळुरूच्या एका मोठ्या महोत्सवात आम्हा चौघांना पुन्हा वाजवायला बोलावलंय. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं वर्षभरापासून बधिर होतात, हे त्याला माहीत आहे. नगरचा डॉक्टर म्हणतो, इतकी वर्षं बेस गिटारच्या जाड तारा बडवल्याचं हे बक्षीस आहे. तर गिटारवाला म्हणाला, "बोटांचं टेन्शन घेऊ नकोस. तुझा बेस आपण आधीच रेकॉर्ड करून लॅपटॉपवरून सोडू. तू नुसतं स्टेजवर उभं राहायचं, बोटं फिरवायची, केस हलवायचे." मी म्हटलं, "केस कुठं राहिलेत?" तो म्हणाला, "मग मान हलव. लोकांना जुनी चार माणसं दिसली पाहिजेत, बास."

म्हणजे डमी. रविवारपर्यंत सांगतो म्हणून मी फोन ठेवला आणि पहिली शिवी तुम्हाला घातली, कारण हा धंदा मला तुम्हीच शिकवला. लग्नवाल्यांना तुमच्या ताफ्यात किती माणसं आहेत हे मोजायची हौस, आणि तुम्हाला त्यांची हौस भागवायची हौस. वाजवणारे जेमतेम निम्मे. बाकीचे ऊसतोडीवरून परतलेले पाथर्डीकडचे कुणी, शेजारपाजारचे रिकामटेकडे कुणी. लष्कराच्या जुन्या बाजारातून आणलेले लाल कोट त्यांना चढवायचे, खांद्यावर सोनेरी झालर टाचायची आणि हातात एकेक पितळी धूड द्यायचं. त्या धुडाच्या तोंडात आतून चिंध्या कोंबलेल्या असायच्या, म्हणजे चुकून कुणी फुंकर मारलीच तर आवाज बाहेर यायला नको. वरमाय खूश, वरबाप खूश, व्हिडिओवाला खूश. पंगत मात्र सगळ्यात शेवटी, मांडवाच्या मागं, खरकट्याच्या ड्रमाशेजारी. तिथं वाजवणारे आणि न वाजवणारे एकाच रांगेत बसायचे आणि गार झालेली बुंदी खायचे. तुम्ही क्लॅरोनेट मांडीवर घेऊन त्यांच्यात बसायचात आणि वर मास्तर म्हणवून घ्यायचात. मला तेव्हाही तुमची कीव यायची.

बारावी झाल्यावर त्याच रांगेत तुम्ही मला उभं केलंत. सगळ्यात मोठा बाजा गळ्यात घातलात, स्वतःच्या हातानं त्यात चिंध्या भरल्यात आणि म्हणालात, "गाल फुगव, डोळं बारीक कर, आन् म्होरं बघत चाल. एवढंच काम हाय तुजं." मी विचारलं, "शिकवा की मग, खरंच वाजवतो." तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जणू म्हशीनं चष्मा मागितलाय. "त्ये शिकून येत नसतं," म्हणालात. अरे वा! म्हणजे तुम्ही जन्मताना क्लॅरोनेट तोंडात घेऊनच आला होतात. मग मी दुपारी, तुम्ही घोरत असताना, पत्र्याच्या खोलीत जाऊन चिंध्या काढायचो आणि एकटाच फुंकत बसायचो. ओठ सुजायचे. हळूहळू खालचे सूर निघायला लागले. वरच्या सुरांचं मला कधी काही वाटलं नाही, ते मिरवणारे सूर. खालच्या सुरानं मात्र खोलीचा पत्रा थरथरायचा, आणि त्या थरथरण्यानं मला काय व्हायचं ते तुम्हाला सांगण्यात अर्थ नव्हता. गाढवाला गुळाची चव काय.

मग ते मे महिन्यातलं लग्न आलं, पाथर्डीच्या अलीकडच्या गावातलं. त्या दिवशी मी निघतानाच चिंध्या काढून टाकल्या होत्या. वरात निघाली, नवरदेव घोड्यावर, पुढं आपण. मी पहिल्यांदाच चारचौघांत खरा वाजवत होतो, आणि एवढ्या गलक्यात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. गल्ली वळली आणि पुढं दुखवट्याचं घर आलं. ओट्यावर माणसं गुडघ्यात मान घालून बसलेली. अशा घरापुढून बाजा मुका न्यायचा, ही तुमच्या धंद्यातली रीत, आणि ती पोराटोरांनाही ठाऊक. तुम्ही हात वर केलात. सगळे थांबले. मी थांबलो नाही, कारण मी डोळे मिटलेले. त्या मुक्या गल्लीत, मेलेल्या माणसाच्या दारात, माझा एकटा बाजा भोंऽऽ करत राहिला. डोळे उघडले तेव्हा घोडासुद्धा माझ्याकडं बघत होता. तुम्ही रांगेतून चालत आलात आणि अख्ख्या वऱ्हाडासमोर माझ्या कानाखाली काढलीत. मग ओट्याकडं वळून हात जोडलेत आणि म्हणालात, "माफ करा, पाव्हनं. ह्याला कान न्हाई. नुसतं अंग दिलंय देवानं." ओट्यावरचा म्हातारा बिचारा म्हणाला, "असू द्या मास्तर, पोरगं हाय." ज्याच्या घरात मढं होऊन गेलं त्याला माझी दया आली, तुम्हाला नाही आली.

'ह्याला कान न्हाई.' हे वाक्य पुढं आपल्या केडगावभर झालं. किराणा दुकानात झालं, न्हाव्याकडं झालं. आत्याबाईंनी तर माझ्यासाठी स्थळं बघताना मुलीकडच्यांना चक्क समजावलं की कान नाही म्हणजे सुराचा, तसं ऐकू येतं, काळजी करू नका. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. मी नेलं नाही. आणि एक गोष्ट तुम्हाला तेव्हाच विचारायची होती. थांबायचं मला कळलं नाही, मान्य. पण तो जो सूर लागला होता तो बरोबर होता की नव्हता? तेवढं सांगायला तुमची जीभ झडली असती का?

पुढची गोष्ट तुम्हाला अर्धीच माहीत आहे. शिर्डीला एका हॉटेलात भक्तांसाठी भजनं म्हणणारा ऑर्केस्ट्रा होता, तो मोडला, आणि त्यांचं सामान निघालं. मी कॅसिओ बघायला गेलो होतो आणि कोपऱ्यात ही चार तारांची गिटार भिंतीला टेकून उभी दिसली. सगळ्यात जाड तार छेडली आणि पत्र्याच्या खोलीतली ती थरथर छातीत आली. एसटीत मांडीवर घेऊन आणली मी ती. तुम्ही दारात बिडी ओढत बसला होतात. गिटार वरपासून खालपर्यंत न्याहाळलीत आणि विचारलंत, "बाकीच्या दोन तारा कुटं विकल्या?" आई पदर तोंडाला लावून हसली. तुमच्या सबंध आयुष्यातला एवढा एक विनोद मला आजही चांगला वाटतो, बाकी सगळे भिकार.

तर हा बेस घेऊन मी पुण्याला गेलो आणि तिथं तुमच्यापेक्षा मोठे नग भेटले. आमचा गायक. चांगल्या घरातला, आई शाळेत मुख्याध्यापिका. हा स्टेजवर घशातून असा आवाज काढायचा की वाटावं, मोरीत काहीतरी अडकलंय. गाणी सगळी रक्ताची, राखेची, देवानं मरावं म्हणून. आणि कार्यक्रमाच्या आधी डबा उघडून भेंडीची भाजी खायची, तीही कमी तिखटाची, घसा धरतो म्हणून. ड्रमवाला शनिवारी जगाचा नाश करायचा आणि सोमवारी कंपनीत साहेबाच्या पोराच्या वाढदिवसाचे फुगे फुगवायचा. गिटारवाल्याचं तर विचारूच नका. ज्याला त्याला आपली बोटं किती वेगानं पळतात हे दाखवायची खाज. वाजवतोय काय याचा पत्ता नाही, पण पळतायत. आणि ह्या सगळ्यांचं माझ्याबद्दलचं मत एकच: ज्याला गिटार जमत नाही तो बेस वाजवतो. सामान उचलायला बेसवाला, टेम्पो ट्रॅव्हलरवाल्याशी बोलायला बेसवाला. बेंगळुरूला गेलो, गुवाहाटीला गेलो, रेल्वेच्या डब्यात ड्रमवर पाय ठेवून झोपलो. आम्हाला वेळ मिळायची दुपारी तीनची, उन्हात, समोर पाण्याच्या बाटल्या विकणारे. आणि फोटो छापून यायचा तेव्हा माझा अर्धा खांदा दिसायचा.

अल्बम निघाला तेव्हा तुम्हाला सीडी पाठवली नाही मी. का, तर गिटारवाला रेकॉर्डिंगच्या मशीनवर ठाण मांडून बसला आणि स्वतःचा आवाज एवढा वाढवला की माझा बेस ऐकायला भिंतीला कान लावावा लागेल. भांडलो. तो म्हणाला, "अरे, बेस ऐकू यायचा नसतो, जाणवायचा असतो." दीडशहाणा. पण खोटं कशाला बोलू, जिथं आवाज धड लावलेला असायचा तिथं, समोरच्या पोरांच्या छातीवरचे टी-शर्ट हलताना मी पाहिलेत. माझ्यामुळे हलताना. गिटारवाल्याकडं बघून ती ओरडायची, पण हलायची माझ्यामुळे. हे मला माहीत होतं आणि मला तेवढं पुरायचं. पुढं एकेकाचं लग्न झालं, एक अमेरिकेला गेला, एकाला बढती मिळाली, आणि जगाचा नाश करायचं राहून गेलं. मी केडगावला परत आलो. सावेडीत क्लास घेतो. आईबाप पोरांना घेऊन येतात आणि म्हणतात, गॅदरिंगपुरतं एक गाणं बसवून द्या, सर. एक गाणं. संगीत म्हणजे पोलिओचा डोस झालाय.

आणि गंमत बघा, तुम्ही ज्याला फालतू म्हणायचात तोच बेस आता नगर जिल्ह्याचा राजा झालाय. विसर्जनाला, वरातीला, कुणी निवडून आलं की, टेम्पोवर स्पीकरच्या आठ-आठ पेट्या रचतात आणि असा धडधडाट करतात की खिडक्यांच्या काचा जातात, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यावं लागतं. 'बेस वाढव' हे वाक्य पोरांना बाराखडीच्या आधी येतं. त्यात सूर शोधाल तर डोंबल सापडेल. त्या पेट्यांनी तुमचा धंदा खाल्ला. लाल कोट कधीच गेले, बाजे आईनं मोडीत घातले. तुम्ही हे पाहायला नव्हतात, नाहीतर त्या पेट्यांसमोरही डमी उभे केले असतेत.

आता त्या दिवसाचं सांगतो, कारण सगळं भांडण तिथलं आहे. आमचा नगरमधला कार्यक्रम. एका कॉलेजच्या मैदानावर, उन्हं उतरल्यावर. पोरं आली होती भरपूर, निम्मी हसायला आलेली, पण दुसऱ्या गाण्यापासून हसणं थांबलं. मी त्या दिवशी असा वाजवला की विचारू नका. बोटाचं कातडं फाटलं, पांढरा बेस लाल झाला, मला भान नव्हतं. आणि तिसऱ्या गाण्याला तुम्ही दिसलात. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, गर्दीच्या मागं, त्या साऊंडवाल्याच्या टेबलाशेजारी, हाताची घडी घालून. मला वाटलं आईनं बळंच पाठवलं असणार. पण तुम्ही शेवटपर्यंत थांबलात. मी उतरलो तो थेट तुमच्याकडं आलो, घामानं भिजलेला, आणि उभा राहिलो. तुम्ही माझ्या बोटाकडं बघितलंत. मग म्हणालात, "तुझा बाजा बंद हुता."

"काय?"

"बंद हुता. खालचं काय येतच न्हवतं. नुसताच उभा हुतास तू."

आप्पा, तुम्हाला तेव्हा मारावंसं वाटलं मला. बोटातून रक्त गळतंय आणि तुम्ही म्हणताय नुसताच उभा होतास. मी म्हणालो, "आमच्याकडं चिंध्या कोंबलेली माणसं उभी करत नाहीत, मास्तर." आप्पा नाही म्हटलं, मास्तर म्हटलं, आणि तुम्हाला ते कळलं. रस्त्यावर जाऊन केडगावची रिक्षा थांबवलीत आणि बसून गेलात. त्यानंतर आपण गॅस सिलिंडर, आईची शुगर आणि पाण्याची मोटार सोडून कशावरही बोललो नाही. पुढं तुम्ही गेलात ते सुद्धा असे अचानक, अंघोळीला म्हणून उठलात आणि मोरीच्या उंबऱ्यातच बसलात. मी पुण्याहून आलो. माझ्याकडं काळ्याशिवाय कपडेच नव्हते, छातीवर कवटी. चुलत्यांनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. मला तुमचाच एक पांढरा शर्ट घालायला दिला. खांद्यात ढगळ होता.

तर असं आहे सगळं. तुम्ही ताफ्यात डमी उभे केलेत, पोराला डमी केलंत, आणि ज्या दिवशी पोरगं जीव तोडून वाजवत होतं त्या दिवशीसुद्धा तुम्हाला तो डमीच दिसला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तुमचं उलटं होतं. दुसऱ्याला नाचता येतंय हेच तुम्हाला सोसायचं नाही. म्हणून मी ठरवत आणलंय की गिटारवाल्याला हो म्हणावं. का नको? बेंगळुरूचं एवढं मोठं स्टेज ह्या जन्मात पुन्हा मिळणार नाही. दुपारी तीनची नाही, दिवे लागल्यावरची वेळ दिलीय. समोर हजारो माणसं. मला जायचंय, आप्पा. फार जायचंय. तुम्ही तसंही मला उभा केलेला माणूसच समजत आलात, तर उभा राहतो. बघा वरून आणि हसा.

इथपर्यंत काल लिहिलं. आज दुपारी मी गिटारवाल्याला फोन केला. हो म्हणायलाच केला होता. फक्त मधे एक अडलं होतं, म्हणून विचारलं, "ते एक संथ गाणं आहे ना आपलं, त्याला माझी बोटं चालतात. तेवढं एक खरं वाजवू का? तेवढ्यापुरती माझी वायर लावू, लॅपटॉप बंद."

"कशाला रिस्क?" तो म्हणाला. "आणि कुणाला कळतंय? अरे तुला नगरचा शो आठवतो का? तुझी वायर साऊंडच्या मिक्सरपर्यंत गेलीच नव्हती त्या दिवशी."

मी म्हटलं, "म्हणजे?"

तो हसायला लागला. "अरे तो लग्नाचा साऊंडवाला. गिटार लावली, ड्रम लावले, माईक लावले, आणि तुझी वायर जास्तीची समजून गुंडाळून ठेवली. मला नंतर सांगितलं त्यानं. तुझ्या मागचा तो छोटा स्पीकर चालू होता ना, म्हणून तुला तुझा आवाज येत होता. पुढं पब्लिकला काही नाही. तू एवढा खूश होतास, म्हणून आम्ही बोललोच नाही. आणि काय बिघडलं सांग? पोरं नाचली. एका माणसाला तरी कळलं का?"

"एकाला कळलं होतं," मी म्हणालो.

"कुणाला?"

"होता एक." आणि मी नंतर करतो म्हणून फोन ठेवला.

मग मी ओट्यावर बसून राहिलो. आप्पा, एवढी पोरं होती मैदानावर, कानात मळ भरल्यासारखी उड्या मारत होती. बँडमधल्या तिघांनाही त्या साऊंडवाल्यानं सांगेपर्यंत पत्ता नव्हता. त्या अख्ख्या गोंगाटात, जो तुम्हाला रेडं कापल्यासारखा वाटायचा, तुम्ही एकटे तिथं उभे राहून माझा बेस शोधत होतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत शोधत होतात, तेव्हा तो नाहीये हे तुम्हाला कळलं. ज्याला ऐकायचंच नाही त्याला नसलेलं कसं कळेल? आत गेलो आणि आईला विचारलं, "त्या कॉलेजच्या कार्यक्रमाला आप्पांना तू पाठवलंस का?" ती तांदूळ निवडत होती. "मी कशाला पाटवू? मी तर म्हन्ले, जाऊ नका, कानठळ्या बसतील. त्येंनी आपलंआपण शर्टाला इस्त्री केली आन् गेले." मी म्हटलं, "आल्यावर काय बोलले?" "जेवले न्हाईत," म्हणाली. "पोटात दुकतंय म्हन्ले."

मला रडू आलं ते सांगायला लाजत नाही. पण लगेच रागही आला, आणि तो जास्त आला. कारण, अहो देवमाणसा, तुम्ही साऊंडवाल्याच्या टेबलाला खेटून उभे होतात! हात लांब करून त्याला म्हणायचं होतंत, 'ये बाबा, चार तारावाल्याची वायर लाव.' संपलं असतं. किंवा मी समोर आलो तेव्हा 'तुझी वायर लावली न्हाई त्यांनी, जाऊन बघ' असं म्हणायचं. ही साधी दोन वाक्यं कुठल्याही शहाण्या माणसाला सुचतात. तुम्हाला सुचलं काय? 'नुसताच उभा हुतास.' सरळ बोलायचं आपल्या घराण्यात कुणी शिकलंच नाही, आणि तुम्ही तर त्या घराण्याचे मास्तर. म्हणून तुमचं सगळं माफ केलं असं समजू नका. दुखवट्याच्या दारातली थोबाडीत माफ नाही. आणि मी तुम्हाला मास्तर म्हणालो तेही मी मागं घेत नाही.

संध्याकाळी गिटारवाल्याला पुन्हा फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. तो आधी समजावत होता, मग चिडला. "वेडा आहेस का? एवढ्या गर्दीत कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं, "गर्दीत एखादा तरी नतद्रष्ट असतोच. मागं उभा राहतो, हाताची घडी घालून. त्याच्यासमोर मला बोटं फिरवायची नाहीत." त्याला डोंबल कळलं नाही. म्हणाला, ठीक आहे, त्याच्या भाच्याला उभं करतील, त्याला गिटारही येत नाही पण केस कमरेपर्यंत आहेत. करा म्हटलं. तर संपलं, आप्पा. आता मी पुन्हा कुठल्या स्टेजवर वाजवीन असं काही दिसत नाही. ह्या क्षेत्रातली माझी कारकीर्द आज केडगावात, आई शेजारी कुकरच्या शिट्ट्या मोजत असताना संपली.

हे लिहिलेलं मी तुमच्या फोटोपुढं वाचून दाखवणार नाही, की जाळून धूर वर सोडणार नाही. असली नाटकं करायला गायक लागतो. उद्या क्लासच्या कागदांत जाईल कुठंतरी. एवढंच सांगायचं राहिलं की फोन ठेवल्यावर मी ते संथ गाणं वाजवलं. वायर लावून, मोठ्या स्पीकरवर, दार उघडं टाकून. शेजारचे बाहेर येऊन बघून गेले, एकजण म्हणाला मस्त. आई म्हणाली, "बारीक कर." मी केला नाही. पण मधल्या भागात मी चुकलो, आप्पा. दोनदा. बाकी कुणाला कळलं नाही.